परवाना मिळाला, गाडी कधी शिकणार?

शाळा-कॉलेजांच्या परीक्षा संपून मे महिना उजाडला, की वसाहतीतल्या रस्त्यांवर लाल ‘एल’ मिरवणाऱ्या मोटारींची संख्या एकदम वाढते. टपावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी, आत घामाघूम झालेला शिकाऊ, त्याच्या डावीकडे निर्विकार चेहऱ्याचे शिक्षक आणि मागच्या सीटवर आपल्या पाळीची वाट पाहणारे आणखी दोघे. ही गाडी चौकात हमखास बंद पडते आणि मागचे सगळे हॉर्नवर हात ठेवतात. खरे तर या गाडीला घाबरण्याचे फारसे कारण नाही. ती सावकाश चालते आणि तिला दोन ब्रेक असतात. काळजी करायची ती पुढे या शिकाऊच्या स्वतःच्या गाडीवरून ‘एल’ निघेल आणि दुसरा ब्रेक नसेल, त्या दिवसाची.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये चौकशीला गेलेला गृहस्थ काय विचारतो? पहिला प्रश्न फीचा आणि दुसरा, ‘लायसेन्स तुम्हीच काढून देता ना?’ मुलाला पोहण्याच्या तलावावर घालताना आपण दाखला कधी मिळणार असे विचारत नाही; पाण्यात पडला तर हातपाय मारून वर येईल ना, असे विचारतो. मोटारीच्या बाबतीत मात्र दाखला हेच विद्येचे प्रयोजन होऊन बसले आहे. गिऱ्हाईक जे मागते ते दुकानदार देतो. मग नुसत्या शाळांना दोष देऊन काय उपयोग?

कायद्याने ही विद्या इतकी स्वस्त ठरवलेली नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालचे. त्यांनुसार खासगी मोटार शिकण्याचा कालावधी किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष गाडी हाकण्याचा वेळ किमान १० तास असायला हवा. आता साधा त्रैराशिकाचा हिशेब करा. दहा तास म्हणजे ६०० मिनिटे. २१ दिवसांत विभागली, तर रोज साधारण २९ मिनिटे चाक एकाच विद्यार्थ्याच्या हातात हवे. एका गाडीत तिघे बसले आणि तासाभरात तिघांच्या पाळ्या उरकल्या, तर शिक्षकांचे बोलणे आणि जागांची अदलाबदल वजा जाता एकाच्या वाट्याला पंधरा-सोळा मिनिटेच येतात. पंधरा मिनिटे गुणिले २१ म्हणजे सव्वापाच तास. पैसे पूर्ण भरले आणि शिक्षण जेमतेम निम्मे पदरात पडले! किलोभर साखरेत पन्नास ग्रॅमची तूट आली तर वाण्याशी हुज्जत घालणारे आपण, इथे घड्याळाकडे बघतसुद्धा नाही.

आणि ही मिनिटे तरी कोणत्या रस्त्यावरची? सकाळी सातची वेळ, ओळखीचा मोकळा रस्ता, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरपुढे न जाणारी गाडी. रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपणे, धो धो पावसात काचेवर धुके धरणे, घाटात ट्रकच्या मागे चढावर थांबून गाडी मागे न घसरता पुढे काढणे, यांतले किती शिकाऊच्या वाट्याला येते? शिवाय शिक्षकांच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतात. हे दुहेरी नियंत्रण नियमानेच बंधनकारक आहे आणि ते योग्यच आहे. पण शिक्षक मुकाट्याने हाफ क्लच सांभाळतात आणि विद्यार्थ्याला वाटते, आपल्याला जमले. शेवटच्या आठवड्यात शिक्षकांनी पाय आवरून बसायला हवे. ते बसतात का, हे विचारण्याचे धाडस मात्र कोणी करत नाही.

शिक्षकांची बाजूही समजून घेतली पाहिजे. पहाटेपासून रात्रीपर्यंत दुसऱ्याच्या चुकांवर पाय रोखून बसणे हे सोपे काम नव्हे. लवकर आटपा आणि स्वस्तात शिकवा, असे प्रत्येकालाच हवे असते. केंद्र सरकारने २०२१ साली मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची योजना आणली. तिथे सिम्युलेटर आणि चाचणीचा मार्ग असावा लागतो आणि तिथे उत्तीर्ण झालेल्याला आरटीओची चाचणी माफ होते. कल्पना चांगली आहे, पण गल्लीतल्या नेहमीच्या शाळेला ती लागू होत नाही. त्याच वर्षी महाराष्ट्रात शिकाऊ परवान्याची परीक्षा घरबसल्या देण्याची सोय झाली. हेलपाटे वाचले, हे उत्तम झाले. पण खुणांची उत्तरे चिरंजीवांनी दिली की शेजारी बसलेल्या दादाने, हे आता घरच्यांनाच ठाऊक!

या साऱ्यात सर्वांत जास्त अन्याय होतो तो घरातल्या बाईवर. चाळिशीत, मुले जरा मोठी झाल्यावर, ती हौसेने क्लास लावते, चाचणी देते, परवाना मिळवते. पहिल्याच रविवारी यजमान शेजारी बसतात आणि ‘अगं, ब्रेक! ब्रेक!’ असा धोशा लावतात. दोन रविवारांत तिची उमेद संपते आणि परवाना कपाटात बँकेच्या पासबुकाशेजारी जाऊन पडतो. तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान मिळालेला परवाना दहा वर्षे चालतो आणि वेळेवर नूतनीकरण केले तर पुन्हा चाचणी द्यावी लागत नाही. म्हणजे दहा वर्षांत चाकाला हात न लावलेली बाई कागदोपत्री पक्की चालक! मग एखाद्या रात्री घरातल्या कोणाला दवाखान्यात न्यायची वेळ येते, गाडी दारात असते, परवाना कपाटात असतो आणि तरी ती रिक्षा शोधत धावते. ज्या प्रसंगासाठी शिकायचे, नेमक्या त्याच प्रसंगी शिक्षण उपयोगी पडत नाही.

२०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मरण पावली. त्यामागे खड्डे, वेग, दारू अशी अनेक कारणे असतात आणि सगळा दोष कच्च्या शिक्षणाला देता येणार नाही. पण रस्ता दुरुस्त करणे आपल्या हाती नाही. आपल्या घरातून रस्त्यावर उतरणारा चालक कसा असावा, हे पुष्कळसे आपल्या हाती आहे. अठरा पूर्ण होण्याआधीच मुलाच्या हाती मोटारीची किल्ली देणाऱ्या पालकाला २०१९ च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. कायद्याने पालकाला जबाबदार धरले आहे ते उगीच नाही.

तेव्हा या सुटीत घरातले कोणी क्लासला जाणार असेल, तर फी भरण्याआधी तीन गोष्टी ठरवून घ्या. रोजची मिनिटे वहीत लिहायची आणि दहा तास भरल्याशिवाय चाचणीची तारीख घ्यायची नाही. त्यांतले निदान दोन तास संध्याकाळच्या गर्दीत आणि अंधारात, एखादा चढावर मागून घ्यायचा. आणि परवाना आल्यावर पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा तरी गाडी त्याच्या किंवा तिच्या हाती द्यायची. शेजारी घरातले कोणीतरी बसावेच, पण तोंड मिटून. आपल्या यजमानांना यांतली शेवटची अट सर्वांत कठीण जाईल; पण शिकायला वयाची अट नसते, असे आपणच मुलांना सांगत असतो.