माप कोणाचं?

निवडणूक आली की पुढारी विचारतात, "यंदा तुमचा समाज कोणाकडं?" जसं आपण बाजार समितीत टाकलेलं सोयाबीन! मी म्हणतो, माल होऊ नका. माप हातात घ्या.

१९७७ साली राखीव बुलडाण्यातून दौलत गवई रिपब्लिकन म्हणून लोकसभेत गेले. पुढं त्याच राखीव जागेवर काँग्रेस बसली, भाजप बसला, शिवसेना बसली. जात आपली, व्हीप त्यांचा. १९३२ च्या पुणे कराराचं हे व्याज! २००९ पासून जागा खुली. आता नुसती मतं पाहिजेत.

काँग्रेसले संविधान मतदानाच्या महिन्यात आठवते. भाजप पुतळ्याले हार घालते अन् खासगीकरणात राखीव नोकऱ्या गिळते. सेनेच्या दोन सेना झाल्या. नामांतराचा विरोध कोणाच्या वाट्याले गेला? अन् आपले गट? झेंडा एक, दांडे पन्नास.

१९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या सत्याग्रहात भूमिहीनांनी तुरुंग भरले. माप तेच. मत मागाले येईल त्याले विचारा: गायरान पेरणाऱ्याच्या नावानं सातबारा करता का? उत्तर लेखी घ्या. आपल्या गटवाल्याकडूनही घ्या. नाही दिलं, तर दारातूनच जयभीम!