एआयच्या जोडण्या आणि मुभेचा हिशेब

चॅटजीपीटी, क्लॉड, जेमिनाय हे एआय साहाय्यक आता नुसत्या प्रश्नोत्तरांपुरते राहिलेले नाहीत. ते आपली ई-मेल चाळतात, ड्राइव्हमधल्या फायली शोधतात, कॅलेंडरवर बैठक टाकतात, कंपनीच्या डेटाबेसमधून विक्रीचे आकडे काढून देतात. हे घडते ते साहाय्यक आणि ती सेवा यांच्या मध्ये बसलेल्या एका छोट्या प्रोग्रॅममुळे. त्याला एमसीपी सर्व्हर म्हणतात. एमसीपी, म्हणजे ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’, हा अशा जोडण्यांसाठीचा सामायिक नियमसंच. अँथ्रॉपिक कंपनीने तो नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वांसाठी खुला केला. मार्च २०२५मध्ये प्रतिस्पर्धी ओपनएआयने आणि पाठोपाठ गूगलनेही तो स्वीकारला. पूर्वी प्रत्येक साहाय्यकासाठी प्रत्येक सेवेची जोडणी वेगळी लिहावी लागे. आता एकदा लिहिलेला सर्व्हर सगळ्यांना चालतो. साहजिकच असे सर्व्हर हजारोंनी निघाले आणि ‘सर्वोत्तम दहा’ छापाच्या तुलनाही पाठोपाठ आल्या. कोणता सर्व्हर किती कामे करतो, किती सेवांना जोडतो, किती जणांनी उतरवून घेतला, यावर त्यांत क्रम लावलेला असतो. माझा आक्षेप या मोजपट्टीलाच आहे. सर्व्हरला काय काय करता येते हे नंतर पाहावे. त्याला काय करता येत नाही, आणि ती मनाई प्रत्यक्षात कोण पाळायला लावते, हे आधी पाहावे.

लोकप्रियतेवर विसंबणे किती धोक्याचे आहे, हे सप्टेंबर २०२५मध्ये दिसले. पोस्टमार्क या ई-मेल पाठवणाऱ्या सेवेच्या नावाने कुणा तिऱ्हाइताने एक एमसीपी सर्व्हर एनपीएमवर, म्हणजे प्रोग्रॅमरांच्या सार्वजनिक कोठारात, ठेवला होता. पहिल्या पंधरा आवृत्त्या अगदी सरळ होत्या. लोकांचा विश्वास बसला, आठवड्याला सुमारे दीड हजार वेळा तो उतरवला जाऊ लागला. मग १.०.१६ या आवृत्तीत एक ओळ वाढली आणि त्या सर्व्हरमार्फत जाणाऱ्या प्रत्येक ई-मेलची गुप्त प्रत त्या इसमाच्या पत्त्यावर जाऊ लागली. कोई सिक्युरिटी या संस्थेने हा प्रकार उजेडात आणला. मूळ पोस्टमार्क कंपनीचा त्या सर्व्हरशी काही संबंध नव्हता. आदल्या महिन्यात कुणी या सर्व्हरची कितीही कसून परीक्षा घेतली असती, तरी त्याला तो उत्तम गुणांनी पास करावा लागला असता.

मग कंपनीचा अधिकृत सर्व्हर घ्यावा, हा सल्ला आला. तो बरोबर आहे, पण अपुरा. कामांची नोंद ठेवणाऱ्या आसना या सेवेच्या अधिकृत सर्व्हरमध्ये जून २०२५मध्ये दोष सापडला. एका संस्थेची माहिती दुसऱ्या संस्थेच्या वापरकर्त्यांना दिसू शकत होती, म्हणून कंपनीला तो काही काळ बंद ठेवावा लागला. त्याआधी, मे महिन्यात, इन्व्हेरियंट लॅब्जच्या संशोधकांनी, प्रोग्रॅमर आपले प्रकल्प जिथे ठेवतात त्या गिटहब या सेवेच्या अधिकृत सर्व्हरबाबत जे दाखवले ते याहून विचार करायला लावणारे आहे. एका प्रोग्रॅमरच्या सार्वजनिक प्रकल्पावर त्यांनी तक्रार नोंदवली आणि तिच्या मजकुरातच साहाय्यकासाठी सूचना पेरल्या. प्रोग्रॅमरने साहाय्यकाला निरुपद्रवी काम सांगितले: आलेल्या तक्रारी पाहून घे. साहाय्यकाने तक्रार वाचली, तिच्यातली सूचना मालकाचीच आहे असे धरले, त्या प्रोग्रॅमरच्या खासगी प्रकल्पांतली माहिती उचलली आणि सार्वजनिक पानावर नेऊन ठेवली. इथे कुठला पासवर्ड फुटला नाही, सर्व्हरच्या कोडमध्ये चूक नव्हती. प्रत्येक पायरी दिलेल्या परवानगीतच बसत होती. भाषेवर चालणाऱ्या यंत्राला वाचण्याचा मजकूर आणि पाळण्याचा हुकूम यांतला भेद खात्रीने करता येत नाही, हे या सगळ्याच्या मुळाशी आहे, आणि त्यावर पक्का इलाज अजून कुणाकडे नाही.

म्हणूनच एकेका सर्व्हरला सुटे गुण देणारी तुलना मला फसवी वाटते. सायमन विलिसन या ब्रिटिश प्रोग्रॅमरने जून २०२५मध्ये धोक्याची तीन अंगे नेमकी मांडली: खासगी माहितीपर्यंत पोहोच, परक्याने लिहिलेला मजकूर वाचणे आणि बाहेर काही पाठवण्याची सोय. तिन्ही एकाच साहाय्यकाच्या हाती आली की माहिती चोरण्याचा रस्ता तयार होतो. आता ई-मेल वाचणारा एक सर्व्हर, वेबपाने उघडणारा दुसरा, कंपनीचा डेटाबेस दाखवणारा तिसरा असे धरा. तुलनेच्या तक्त्यात तिघांनाही पूर्ण गुण मिळतील; एकत्र जोडले की मात्र तिन्ही अंगे जुळून येतात. औषधांचे जसे असते, दोन गोळ्या सुट्या निर्धोक आणि एकत्र घेतल्या की घातक, तसेच हे आहे. माझ्याकडे आधीपासून काय जोडलेले आहे, हे माहीत नसलेला कोणताही तक्ता मला नवा सर्व्हर घ्यावा की नाही हे सांगू शकत नाही.

मुभा आवळून धरली की काय साधते, याचे एक उदाहरण आपल्याजवळचे आहे. झिरोधा या ब्रोकर कंपनीने २०२५मध्ये ‘काइट’ या आपल्या शेअर-व्यवहारांच्या अ‍ॅपसाठी एमसीपी सर्व्हर काढला. नोंदणीकृत शेअर गुंतवणूकदारांच्या संख्येत महाराष्ट्र देशात पहिला आहे, तेव्हा हा विषय आपल्याकडच्या बऱ्याच घरांत पोहोचणारा. कंपनी स्वतः चालवते तो सर्व्हर काढताना त्यात तुमचे शेअर, नफा-तोटा, पोर्टफोलिओ पाहण्याची सोय दिली. शेअर खरेदी-विक्रीची ऑर्डर टाकण्याची दिली नाही. साधनांच्या, म्हणजे सर्व्हर साहाय्यकाला करू देतो त्या कामांच्या, मोजणीत असा सर्व्हर मागे पडतो. माझ्या लेखी तो पुढे आहे, कारण साहाय्यक कितीही बहकला तरी तुमचे शेअर विकू शकत नाही. सुपाबेस या डेटाबेस सेवेचा अनुभवही हेच सांगतो. ग्राहकाच्या तक्रारीत लपवलेल्या सूचनेने गुप्त माहिती बाहेर काढता येते, हे जुलै २०२५मध्ये दाखवले गेले; त्या युक्तीला चोरलेली माहिती तक्रारीच्या उत्तरात लिहिता येणे आवश्यक होते. साहाय्यकाला फक्त वाचण्याची परवानगी असती तर ती तिथेच अडली असती. मात्र ‘मी फक्त वाचतो’ ही सर्व्हरची स्वतःची ग्वाही पुरेशी नाही. सर्व्हरने स्वतःवर लावलेल्या अशा खुणा, तो विश्वासातला नसेल तर, खऱ्या धरू नयेत, असे एमसीपीचा नियमसंचच बजावतो. मनाई खात्याच्या परवानगीत हवी, म्हणजे डेटाबेसनेच लिहू देता कामा नये.

यावर पहिली हरकत ठरलेली आहे: हात बांधलेला साहाय्यक काय कामाचा? हरकतीत तथ्य आहे. स्वयंपाकाची कृती विचारायला एमसीपी लागत नाही. लोकांना कामे उरकून हवी आहेत. पण जास्त साधने म्हणजे जास्त काम, हे गृहीतकही टिकत नाही. प्रत्येक साधनाचे वर्णन साहाय्यकाला आधी वाचावे लागते आणि गर्दी झाली की निवड चुकते. गिटहबने प्रोग्रॅम लिहिण्याच्या व्हीएस कोड या संपादकातल्या आपल्या कोपायलट या साहाय्यकाची अंगभूत साधने ४०वरून १३ गाभ्याच्या साधनांवर आणली, तेव्हा तो वेगवान झाला आणि चाचण्यांत सरसही ठरला. दुसरी हरकत अशी की प्रत्येक कृतीआधी माणसाची संमती घेतलीच जाते. घेतली जाते, पण दिवसभरात पन्नासदा ‘परवानगी द्या’ विचारले की माणूस वाचायचे सोडून देतो. अ‍ॅप बसवताना अटी न वाचताच पुढे जातो, तसेच. संमती पैसे पाठवणे, पुसून टाकणे, बाहेर प्रसिद्ध करणे अशा मोजक्या जागी ठेवली तरच तिला किंमत राहते. पुढची मॉडेल्स अशा सापळ्यांना कमी फसतील, असेही म्हणतात. फसतील कमी, पण शंभरातून एकदा फसणारा साहाय्यकही चोराला पुरतो, कारण सापळा लावायला त्याला काही खर्च नसतो.

हा प्रश्न केवळ प्रोग्रॅमरांचा होता तोवर वर्तमानपत्रात लिहिण्याचे कारण नव्हते. आता ही जोडणी सेटिंग्जमधल्या एका बटणावर आली आहे. सीए, वकील, दवाखाने, पतसंस्था यांच्यापैकी कुणीही दुपारच्या चहाआधी ग्राहकांच्या फायली साहाय्यकाला जोडू शकतो. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ग्राहकाच्या माहितीची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर टाकली आहे. काम दुसऱ्याकडून करून घेतले म्हणून ती टळत नाही. सुरक्षेत हयगय झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आहेत आणि मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. तेव्हा नवा सर्व्हर निवडताना साहाय्यकासाठी वेगळे, कमी अधिकारांचे खाते उघडा. परक्यांचा मजकूर वाचणारी जोडणी आणि ग्राहकांच्या फायलींची जोडणी एकाच संभाषणात चालू ठेवू नका. त्याआधी सेटिंग्ज उघडून आजवर काय काय जोडले आहे ते पाहा, आणि जे वापरात नाही ते आजच तोडून टाका.