पापास फौजदार कशाला?

माहीमच्या सेंट मायकल देवळात दर बुधवारी नोव्हेनास हिंदू-मुसलमान बायाही मेणाचे हातपाय, मेणाची घरे घेऊन रांगेत उभ्या राहतात. त्यांची जात कोणी पुसत नाही. त्याच रांगेत आमचे एक शिकलेले धर्मबंधू म्हणाले, "मास्तर, व्यभिचार आता गुन्हा राहिला नाही. देश बुडाला!"

आम्हीही ख्रिस्तीच. व्यभिचार हे पाप, ही दहा आज्ञांतली आज्ञा आम्ही मानतो व पोराबाळांस शिकवितो. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली रद्द केलेले ४९७ वे कलम कोणती नीती राखीत होते? १८६० च्या त्या कलमात फिर्याद नवऱ्याची, शिक्षा परपुरुषास. आणि नवऱ्याची संमती असली की गुन्हाच नाही! नवरा विधवेकडे गेला तर बायकोस फिर्यादच नाही. शेजाऱ्याचा बैल न विचारता जुंपला, एवढीच काय ती त्यांची तक्रार! याला धर्म म्हणणाऱ्यांची आम्हांस कीव येते.

२०२३ साली संसदेच्या समितीने हा गुन्हा पुन्हा आणा म्हटले. नव्या न्यायसंहितेत तो आला नाही, हे ठीक झाले. व्यभिचारावरून काडीमोड मागता येतो, तेवढा कायदा पुरे. धर्मबंधूंनो, आपली आज्ञा शिपायाकरवी दुसऱ्याच्या घरात घुसवाल, तर उद्या दुसऱ्याची आज्ञा तशीच आपल्या घरात येईल. आणि आपण तर मूठभर! येशूपुढे धरून आणलेल्या बाईवर धोंडा टाकावयास कोण उरले होते, हे आम्ही त्या गृहस्थांस विचारले. ते काही न बोलता रांगेत पुढे सरकले.