विषारी कचरा आणि प्रशिक्षणाचा हक्क

कयाधूकाठचे नरसी नामदेव हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. मंगळवेढ्यास गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा व इतर मजूर गाडले गेले, तेव्हा चोखोबांच्या अस्थी आणण्यास नामदेव स्वतः गेले, असे परंपरा सांगते. धोक्याचे काम ज्याच्या वाट्याला येते त्याच्या जिवाचे मोल काय, हा प्रश्न सुमारे सात शतकांनंतरही सुटलेला नाही. घातक कचऱ्याचे व्यवस्थापन हे आज नव्या पिढीला एक व्यवसाय म्हणून दाखविले जाते. त्याच्या शिक्षणाचा विचार याच प्रश्नापासून सुरू व्हावयास हवा.

भोपाळच्या 1984 च्या वायुकांडानंतर 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा आणि 1989 चे घातक कचऱ्याचे नियम आले. तरीही त्या कारखान्यातील 337 टन कचरा पिथमपूरला हलविण्यास जानेवारी 2025 उजाडला. कायदा कागदावर असतो. पिंपे हलविणारे हात माणसाचे असतात.

2016 च्या नियमांनी कचऱ्याच्या पुनर्वापराच्या कामातील मजुरांची नोंदणी, त्यांचे गट बांधण्यास साह्य, कौशल्यशिक्षण आणि सुरक्षितता व आरोग्याची वार्षिक देखरेख यांची जबाबदारी राज्याच्या कामगार खात्यावर टाकली. म्हणजे प्रशिक्षण ही सरकारची मेहेरबानी नव्हे, तो कष्टकऱ्याचा हक्क आहे. परंतु शिक्षण म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो अभियंता आणि नागपूरची ‘नीरी’सारखी संशोधनसंस्था. तज्ज्ञ हवेतच, पण गाळ उपसणाऱ्याला त्या गाळात काय आहे हे ठाऊक नसेल, तर त्या ज्ञानाचा त्याला उपयोग काय?

हा प्रश्न केवळ कारखान्यांचा नाही. यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कापूस, सोयाबीन, हळद पिकविणाऱ्या हिंगोली जिल्ह्यातही विषाचे रिकामे डबे बांधावर पडतात आणि कधी पाण्यासाठी घरात येतात.

प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली बिछडी प्रकरणात लागू केले. मग प्रशिक्षणाचा खर्चही विष निर्माण करणाऱ्या उद्योगावरच बसला पाहिजे. तालुक्याच्या आयटीआयमध्ये मराठीतून, विद्यावेतनासह अभ्यासक्रम. प्रमाणपत्रामागे कायम नोकरी. आणि संरक्षक साधनांवाचून काम नाकारण्याचा अधिकार, एवढे मिळाले तरच त्यास शिक्षण म्हणता येईल. अन्यथा ती कंत्राटदारासाठी स्वस्त मजुरांची भरती ठरेल. कार्यकर्त्यांनी ही मागणी गावसभेपासून लावून धरावी. अस्थी गोळा करण्याची पाळी येण्याआधीच भिंत सावरली पाहिजे.