खामगावचा दूरध्वनी

बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव हे कापसाच्या बाजारपेठेचे गाव. कापूस पिकविणाऱ्याला पैसा पेरणीपूर्वी लागतो आणि तो ज्याच्या तिजोरीत असतो त्याच्या हाती गावाची नाडी असते. या तिजोरीची आणि सत्तेची सोयरीक जुळली म्हणजे काय घडते, हे सांगण्यास आता कार्यकर्त्यांच्या भाषणांची गरज उरलेली नाही. ते सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रातच लिहिलेले आहे.

मे 2006 च्या अखेरची ही गोष्ट. खामगावचे तत्कालीन काँग्रेस आमदार दिलीपकुमार सानंदा यांच्या कुटुंबाविरुद्ध सावकारीच्या तक्रारी होत्या. एका शेतकऱ्याचे म्हणणे होते की व्याज दरमहा दहा टक्क्यांनी घेतले जाते. या दराने दहा महिन्यांत मुद्दलाइतके व्याज होते. म्हणजे दामदुपटीची मर्यादा एका हंगामातच गाठली जाते! ही तक्रार खरी की खोटी, हे तपासानेच ठरावयाचे होते. परंतु मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांच्या कार्यालयातून पोलीस ठाण्यात दूरध्वनी आला. जिल्हाधिकाऱ्यांनाही सूचना गेली की या कुटुंबाविरुद्धच्या तक्रारी आधी जिल्हा समितीपुढे ठेवाव्या, सरकारी वकिलाचे मत घ्यावे आणि मगच गुन्हा नोंदवावा. कायदा सर्वांना एक, पण या एका घरासाठी त्याला दोन उंबरठे अधिक! दूरध्वनीची नोंद ठाण्याच्या दैनंदिनीत झाली म्हणून हे उजेडात तरी आले. ती नोंद करणाऱ्या पोलिसाचे आभार मानावे तेवढे थोडे.

यानंतर जेमतेम महिन्याने, 1 जुलै 2006 रोजी, पंतप्रधान मनमोहनसिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांची मदत जाहीर केली. त्यांत बुलढाणाही होता. दिल्ली कर्जबाजारी शेतकऱ्याचे अश्रू पुसत होती, तेव्हा त्याच शेतकऱ्याची फिर्याद मुंबईच्या सूचनेने अडली होती.

2009 साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने राज्य सरकारवर 25 हजार रुपयांचा खर्च बसविला. सरकार अपिलात गेले. 14 डिसेंबर 2010 रोजी न्यायमूर्ती सिंघवी व गांगुली यांनी तो खर्च 10 लाखांवर नेला आणि मुख्यमंत्र्यांचा हस्तक्षेप घटनाबाह्य ठरविला. देशमुख तेव्हा केंद्रात मंत्री होते, व मंत्रीच राहिले. दंड भरला तो सरकारी तिजोरीने. दूरध्वनी एकाचा आणि बिल जनतेच्या नावावर, हा हिशेब अर्थशास्त्राच्या कोणत्या शाखेत बसतो ते मला चाळीस वर्षांच्या अध्यापनानंतरही उमगलेले नाही.

सावकाराला पर्याय म्हणून आपण सहकाराकडे पाहत आलो. 1954 च्या ग्रामीण पतपाहणी अहवालात शेतकऱ्याच्या कर्जातील सहकाराचा वाटा अवघा 3.1 टक्के आढळला होता, आणि तो वाढविण्यासाठीच जिल्हा बँका बळकट करावयाच्या होत्या. पण मे 2012 मध्ये रिझर्व्ह बँकेने बुलढाणा, वर्धा व नागपूर या तिन्ही जिल्हा बँकांना नव्या ठेवी स्वीकारण्यास मनाई केली. किमान भांडवलाची अट त्यांना पुरी करता आली नव्हती. 2014 साली केंद्राने पुनरुज्जीवनाची योजना मंजूर केली, तोवर खरिपाचे हंगाम कोणासाठी थांबले नव्हते. ज्याला बँकेने दार लावले तो रात्री कोणाच्या दारी गेला असेल, हे या जिल्ह्यातल्या आपल्या वाचकांना सांगावयास नको.

2014 च्याच महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यात कलम 18 आहे. सावकारीच्या व्यवहारातून गेलेली जमीन जिल्हा निबंधकाकडे अर्ज करून परत मागता येते. खरेदीखताच्या आड गहाण लपविण्याची जुनी क्लृप्ती येथे उघडी पाडता येते. मात्र मुदत पंधरा वर्षांची आहे. तालुक्यातालुक्यांत बसून खतांच्या तारखा तपासण्याचे काम आपल्या कार्यकर्त्यांनी तातडीने हाती घ्यावे. 2006 साली ज्यांची खते झाली, त्यांच्यासाठी हा दरवाजा केव्हाच बंद झाला आहे.