पोलिसांची अखेरची मानवंदना आणि परभणीचा सवाल

दरवर्षी २१ ऑक्टोबरला देशभर पोलीस स्मृतिदिन पाळला जातो. १९५९ साली याच दिवशी लडाखमधील हॉट स्प्रिंग येथे चिनी सैन्याच्या हल्ल्यात १० पोलिसांना वीरमरण आले. त्यांची ही आठवण. वर्षभरात कर्तव्य बजावताना प्राण गमावलेल्यांची नावे वाचली जातात, शस्त्रे खाली झुकवली जातात, हवेत फैरी झाडल्या जातात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हातात केवळ लाठी असताना कसाबची बंदूक धरून ठेवणारे सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांना २००९ साली मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. हे सर्व योग्यच आहे. त्याबद्दल कोणाचे दुमत असण्याचे कारण नाही.

परंतु गोळी लागून मरणारे पोलीस थोडे. तीस-पस्तीस वर्षे नोकरी करून, मधुमेह आणि रक्तदाब घेऊन घरी परतणारे आणि पाथरी, जिंतूर, गंगाखेडच्या एखाद्या वस्तीत मरणारे हवालदार कितीतरी जास्त. गणपती असो, निवडणूक असो की दंगल, यांच्या वाट्याला बंदोबस्तच आला. घरात सण असताना हे रस्त्यावर उभे राहिले. कोरोनाच्या साथीत महाराष्ट्र पोलीस दलातील शेकडो कर्मचारी गेले. अशा पोलिसाच्या तिरडीजवळ खात्याचे कोणी येऊन मानाने सलामी द्यावी, मग तो सेवेत असो वा निवृत्त, ही पोलीस कुटुंबांची अपेक्षा चुकीची म्हणता येईल काय? मुळीच नाही. मात्र ही मानवंदना कोणा साहेबाच्या मर्जीवर अवलंबून असू नये. अधीक्षकाला एक मान आणि शिपायाला दुसरा, असाही भेद नको. हुद्द्याची उतरंड निदान स्मशानाच्या दारात तरी संपली पाहिजे.

आपल्या समाजाला या प्रश्नाची एक वेगळी बाजू आहे. गावगाड्यात मर्तिकाचा निरोप घेऊन गावोगाव धावणारा महारच होता. सरणाची लाकडे वाहणारा, रात्री वेशीवर जागणारा तोच होता. गावाची राखण त्याने केली, पण राखणदाराचा मान त्याला कधी मिळाला नाही. इंग्रजी अमलात पोलीस खात्याची दारे अस्पृश्यांना बंद होती. म्हणूनच १९२८ साली सायमन कमिशनपुढे ठेवलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी लष्कर आणि पोलीस खात्यात अस्पृश्यांची भरती करण्याची मागणी केली. त्यामुळे आज वस्तीतला पोरगा भरती होतो तेव्हा ती केवळ पगाराची गोष्ट नसते. ज्याच्या सावलीचा विटाळ मानला, त्याच्या अंगावर राज्याची वर्दी चढलेली असते. हा माणूस मेल्यावर शासनाने त्याला सलामी द्यावी, याचे मोल आपल्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार?

पण सलामी द्यायची ती कोणत्या स्मशानभूमीत? मराठवाड्यातील अनेक गावांत आजही जातीजातींची स्मशाने वेगळी आहेत. कुठे दलितांच्या स्मशानाला रस्ता नाही, कुठे शेड नाही, तर कुठे जागेवरूनच तंटा. पावसाळ्यात डोक्यावर पत्रे धरून सरण पेटवावे लागते. जो हवालदार आयुष्यभर सर्व जातींच्या लोकांचे रक्षण करीत राहिला, त्याला गावाच्या स्मशानात जागा नसेल, तर चिखलात उभे राहून वाजवलेल्या बिगुलाचा अर्थ काय? शासनाला खरोखर मान द्यायचा असेल तर गाव तिथे एकच, सर्वांसाठी खुली स्मशानभूमी झाली पाहिजे.

आता परभणीचा खरा सवाल. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि नंतर पोलिसांनी धरपकड केली. त्यात सोमनाथ सूर्यवंशी हा वडार समाजातील कायद्याचा विद्यार्थी पकडला गेला. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदनानंतर डॉक्टरांनी प्राथमिक कारण लिहिले, अनेक जखमांमुळे आलेला शॉक. तरीही विधानसभेत मुख्यमंत्र्यांनी त्याच्या श्वसनाच्या आजाराकडे बोट दाखवले आणि मारहाण झाली नसल्याचे सांगितले. पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पोलिसांवर ठपका ठेवला. त्याची आई विजयाबाई न्यायालयात गेल्या, ॲड. प्रकाश आंबेडकर यांनी बाजू मांडली. ४ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० जुलैला तेथेही सरकारची याचिका टिकली नाही. दोषी कोण हे न्यायालय ठरवील. पण साधा गुन्हा नोंदवून घेण्यासाठी एका आईला सर्वोच्च न्यायालयापर्यंत झुंजावे लागले, हे विसरता येणार नाही.

१६ डिसेंबर २०२४ रोजी सोमनाथची अंत्ययात्रा निघाली. त्याच दिवशी चळवळीतले नेते विजय वाकोडे यांचेही हृदयविकाराने निधन झाले. सोमनाथच्या अंत्ययात्रेलाही पोलीस होते. ते बंदोबस्ताला होते!

कोणी म्हणेल, निवृत्त हवालदाराच्या सलामीत सोमनाथचा विषय कशाला? त्याचे उत्तर संविधानात आहे. अनुच्छेद २१ ने दिलेला जगण्याचा हक्क हा प्रतिष्ठेने जगण्याचा हक्क आहे आणि ती प्रतिष्ठा मृतदेहालाही आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली परमानंद कटारा प्रकरणात सांगितले आहे. पोलिसाचा देह आणि कोठडीत मेलेल्याचा देह असे दोन वर्ग त्या अनुच्छेदात नाहीत. वर्दीला मान मिळतो तो ती संविधानाची चाकरी करते म्हणून. संविधानासाठी रस्त्यावर आलेला तरुण त्याच वर्दीच्या ताब्यात मरतो आणि खाते गप्प बसते, तेव्हा डाग प्रामाणिक हवालदाराच्या वर्दीलाही लागतो. त्याने ३० वर्षे कमावलेली अब्रू त्यात जाते.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. सेवेतील आणि निवृत्त अशा प्रत्येक पोलिसाला, हुद्दा न पाहता, अखेरची मानवंदना हक्क म्हणून मिळावी. कोठडीतील मृत्यूबद्दल न्यायालयाने ज्याला दोषी ठरवले, त्याला मात्र हा मान नसावा. पोलीस स्मृतिदिनाला शहिदांची नावे वाचणाऱ्या खात्याने कोठडीत मेलेल्यांचा हिशेबही जनतेपुढे ठेवावा. आपल्या वस्तीतून पोलिसात गेलेल्या पोरांनीही अंगावरची वर्दी कोणाच्या लढ्यामुळे मिळाली, हे लक्षात ठेवावे. कोठडीत कोणावर हात उचलला जात असेल तेव्हा त्यांनी मध्ये उभे राहावे. असे उभे राहिलेल्या हवालदाराची अंत्ययात्रा निघेल, तेव्हा त्याला सलामी द्यायला खात्याआधी वस्ती येईल.