'चालणार नाही' म्हणजे नेमकं काय?

भिवंडीतल्या एका कॉलेजच्या प्रदर्शनात माझ्या मैत्रिणीचं फिगर ड्रॉइंग उद्घाटनाआधीच भिंतीवरून उतरलं. विचारलं, तर उत्तर एवढंच, "हे इथे चालणार नाही." कुठला नियम? सगळे गप्प.

तुम्हाला वाटेल, हे कॉलेजातच होतं. २०२३मध्ये मुंबई कस्टम्सने एफ. एन. सूझा आणि अकबर पदमसी यांच्या सात कलाकृती अश्लील म्हणून अडवल्या. अश्लील वस्तूंवर आयातबंदी आहेच. पण अश्लील काय, हे एका अधिकाऱ्याने ठरवलं, तज्ज्ञांची मतं बाजूला सारून. ऑक्टोबर २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. प्रत्येक नग्नचित्र अश्लील नसतं, असं बजावून. गंमत बघा, याच पदमसींना १९५४मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीतल्या चित्रांवरून अटक झाली होती. तेव्हाही ते निर्दोष सुटले. सत्तर वर्षं झाली राव!

नियम नकोतच, असं मी म्हणत नाहीये. प्रदर्शनाला शाळेची पोरंही येतात, कुणीतरी ठरवायला लागणारच. पण ठरवणाऱ्याने कारण लिहून द्यावं, चित्रकलेच्या सरांना विचारावं, मुलीला बोलू द्यावं. कस्टम्सचा आदेश लेखी होता, म्हणून तर त्याला कोर्टात आव्हान देता आलं. तोंडी 'चालणार नाही'विरुद्ध तुम्ही अपील कुठे करणार?

मैत्रिणीने यंदा फुलदाणी काढलीय. छान आलीय. फुलदाणीच का, असं विचारलं, तर म्हणाली, "सेफ आहे ना."